हेमाद्रि, हकीम आणि पडसें

हेमाडपंताचें नांव ऐकलें नाहीं असा मराठी माणूस विरळाच सांपडावयाचा. चुन्यावांचून रचलेलें दगडी देऊळ दिसलें कीं तें हेमाडपंती. मोडी लिपि त्यानें चालू केली, बाजरी त्यानें आणिली. निदान आमच्या मराठवाड्यांत तरी ज्या जुन्या वस्तूचा कर्ता ठाऊक नाहीं ती त्याच्या खात्यावर मांडण्याची वहिवाट आहे. यांत खरें किती व दंतकथा किती, हा वाद येथें नको. परंतु ज्या ग्रंथाविषयीं कोणाचाहि वाद नाहीं त्याचें नांव विचारलें असतां आमच्या बीड जिल्ह्यांतले सुशिक्षितहि नकारार्थी मान हलवितात. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरीं श्रीकरणाधिप म्हणून राज्याचें दप्तर सांभाळणारा हा पंडित वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यकग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहून गेला आहे. ज्या हाताखालून तेराव्या शतकांतल्या राज्याचा पत्रव्यवहार गेला, त्याच हातानें माणसाच्या नाकांत औषधाचे थेंब किती व कसे सोडावे या वचनांचाहि अर्थ लावून ठेविला आहे.

या विषयाकडे मी वळलों तो विद्वत्तेमुळें नव्हे, गरजेमुळें. मी इतिहासाचा प्राध्यापक; वैद्यकाशीं माझा संबंध केवळ रोग्याचा. बालाघाटच्या पठारावर थंडी पडूं लागली कीं माझें नाक चोंदतें, कपाळ जड होतें, आणि गालांच्या व कपाळाच्या हाडांतील ज्या पोकळ्यांस आतां घरोघर 'सायनस' म्हणतात त्या आपलें अस्तित्व जाणवून देऊं लागतात. महाविद्यालयांत शिक्षकांच्या खोलींत एकदां शिंकावें, कीं पांच औषधें मिळतात. एक म्हणतो ओवा हुंगा, दुसरा म्हणतो सुंठ उगाळून कपाळीं लावा, तिसरा वाफारा सांगतो, चौथा खिशांतून लहानशी बाटलीच काढतो. आणि रसायनशास्त्राचे एक सहकारी हंसून म्हणतात, यांतल्या एकालाहि पुरावा नाहीं. वीस वर्षें हा फड ऐकल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. एक पक्ष 'जुनें' या शब्दाखालीं निरनिराळ्या शतकांतल्या वस्तु एकाच गांठोड्यांत बांधतो, आणि दुसरा तें गांठोडें न सोडतांच फेंकून देतो. तें सोडून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम शब्दच पाहा. 'पडसें' हा आपला घरगुती शब्द संस्कृत 'प्रतिश्याय' या शब्दाचा प्राकृतांतून झिजत आलेला वंशज आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नाकाच्या रोगांस दोन अध्याय दिले असून शिवाय प्रतिश्यायास तिसरा स्वतंत्र अध्याय आहे, आणि पडशाची हेळसांड केली तर तें मुरून 'दुष्ट' होतें व मग हटतां हटत नाहीं, असा इशाराहि आहे. आजचे वैद्य जुनाट सायनसचें दुखणें या दुष्ट प्रतिश्यायांत घालतात. रोगाचें नांव असें दोन हजार वर्षें टिकून राहिलें. औषधाचें पथ्य मात्र तितकें टिकलें नाहीं.

हें पथ्य कसलें, तें वाग्भटाच्या सूत्रस्थानांतील विसाव्या अध्यायांत पाहावें. हा अध्याय नस्यविधीचा, म्हणजे नाकावाटे औषध देण्याच्या रीतीचा. मस्तकांत औषध पोंचवावयाचें तर नाक हेंच त्याचें दार, या भूमिकेवरून तो आरंभ करतो, आणि दोष बाहेर काढणारें, पोषण करणारें व शमविणारें असे नस्याचे तीन प्रकार सांगतो. येथवरचें आज कोणीहि घरगुती वैद्य तोंडपाठ म्हणून दाखवील. पुढचें सहसा कोणी सांगत नाहीं. थेंब म्हणजे केवढा? तर तर्जनीचीं दोन पेरें द्रवांत बुडवून बाहेर काढलीं असतां जेवढा गळून पडतो तेवढा. आणि असे दहा, आठ किंवा सहा. नंतर निषेधांची यादी येते, आणि ती वाचतांना औषधाच्या खोक्यांत घडी करून ठेवलेल्या बारीक अक्षरांच्या कागदाची आठवण होते. नुकतेंच पाणी, मद्य किंवा तूपतेल प्यालेला, नुकताच जेवलेला, डोक्यावरून न्हालेला, रक्त काढलेला, बाळंतीण, दमेकरी, खोकलेकरी, यांस नस्य देऊं नये. आणि ज्याचें पडसें नवें आहे त्यालाहि देऊं नये! सात वर्षांच्या आंतील मुलास तें वर्ज्य, ऐंशीच्या पुढील वृद्धास वर्ज्य. औषधी धूर अठरा वर्षांच्या आधीं वर्ज्य. सवलत आहे ती 'प्रतिमर्श' नांवाच्या, अगदीं थोड्या तेलाच्या सौम्य प्रकाराला. तो मात्र जन्मापासून मरणापर्यंत चालतो.

मला या यादीचें मोठें नवल वाटतें. तिच्यांतील प्रत्येक निषेध आजच्या शास्त्राला पटेल असें मी म्हणत नाहीं. परंतु औषध लागूं पडतें तसें तें बाधतेंहि, आणि म्हणून तें कोणाला देऊं नये हें आधीं ठरवावें, ही जाण तेथें पुरी आहे. अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्याहि टीकांसह हा ग्रंथ १९३९ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केला. संपादक हरिशास्त्री पराडकर हे अकोल्याचे. हेमाद्रीची टीका सगळ्या ग्रंथावर अखंड मिळत नाहीं, पण सूत्रस्थानावरची मिळते, आणि नस्याचा अध्याय त्यांतच आहे. त्याच काळांत याच दरबारीं वैद्यकाचीं आणखीहि पुस्तकें झालीं. केशव नांवाच्या वैद्यानें द्रव्यांची वातपित्तकफावर होणाऱ्या कार्याप्रमाणें वर्गवारी करणारा 'सिद्धमंत्र' लिहिला, आणि त्याचा पुत्र बोपदेव, जो व्याकरणकार म्हणून सर्वांस ठाऊक आहे, त्यानें त्यावर टीका केली. बीडच्या कंकालेश्वराचें पाण्यानें वेढलेलें देऊळ पाहावयास येणाऱ्यांस, हा मुलूख एके काळीं वैद्यकाच्या चर्चेच्याहि शेजारचा होता, हें कोणी सांगत नाहीं; सांगावें असें मला वाटतें.

आतां या पोथींतून आमच्या स्वयंपाकघरांत काय उतरलें? ओवा, सुंठ, वेखंड, तुळस, हळकुंड, तूप. मुलाचें नाक वाहूं लागलें कीं आजी तव्यावर ओवा भाजी, फडक्यांत त्याची पुरचुंडी बांधी आणि नाकाशीं धरी. सहाणेवर सुंठ किंवा वेखंड उगाळून कपाळावर लेप देई. फारच झालें तर हळकुंड दिव्यावर पेटवून त्याची धुरी. द्रव्यें तींच राहिलीं, पण थेंबाचें माप, वयाची अट, नव्या-जुन्या पडशाचा विवेक, हें सगळें वाटेंतच सांडलें. संस्कृत जाणणारा वैद्य दहा गांवांत एखादाच. बायकांस तर पोथीला हात लावण्याचीहि सोय नव्हती. ज्यांनीं प्रत्यक्ष औषध दिलें त्यांच्यापर्यंत निषेध कधीं पोंचलेच नाहींत, यांत त्यांचा दोष नाहीं. पुढें शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्' सारख्या पुस्तकांनीं मराठी वाचणाऱ्या घरांत वैद्यक आणलें खरें. परंतु ज्या काळीं तें आलें, त्या काळीं आमच्या जिल्ह्यांत वाचणारीं घरें थोडीं होतीं.

शिवाय बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तसेंच राहिलें. त्या राज्यांत युनानी वैद्यकास सरकारचा आश्रय. हकिमाच्या शास्त्रांत मस्तकांतला मळ नाकावाटे उतरला तर तो जुकाम आणि घशाकडे उतरला तर तो नजला, असा भेद आहे. बनफ्शा, उन्नाब, सपिस्तान यांचा काढा, ज्यास जोशांदा म्हणत, हा त्यांवरचा उपाय. बनफ्शा आमच्या मातींत उगवत नाहीं. तो थंड डोंगरांतून येई व महाग पडे. गरिबाच्या घरांत शिरली ती निराळीच वस्तु. १९२० सालीं हैदराबादेंत हकीम मुहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनीं 'जिंदा तिलिस्मात' नांवाचें औषध काढलें. हबशी शिपायाचें चित्र असलेली ही लहानशी बाटली हैदराबाद राज्यांत गांवोगांव पोंचली, आणि राज्य गेल्यावरहि आमच्या किराणा दुकानांतून गेली नाहीं. शिक्षकांच्या खोलींत चौथे गृहस्थ जी बाटली खिशांतून काढतात ती हीच.

हिच्यांत काय आहे? मुख्यतः निलगिरीचें तेल. त्याबरोबर कापूर, पेपरमिंटाचें फूल, ओव्याचें फूल, आणि रंगाला रतनजोत. म्हणजे 'युनानी' या नांवाखालीं मुख्य द्रव्य ऑस्ट्रेलियांतल्या झाडाचें! निलगिरीचें झाड १८४३ च्या सुमारास इंग्रजांनीं दक्षिणेंतल्या निलगिरी डोंगरांत लावलें, आणि डोंगराचें नांव झाडाला चिकटलें. ओव्याच्या फुलाची कथाहि अशीच वांकडी. इंग्रजींत ज्याला थायमॉल म्हणतात तें हें. पहिल्या महायुद्धापूर्वीं आपला ओवा जहाजानें जर्मनींत जाई आणि तेथें त्यांतून हें सत्त्व काढलें जाई. कापूर, पेपरमिंटाचें फूल व ओव्याचें फूल हे तीन घन पदार्थ एकत्र ठेविले असतां आपोआप वितळून तेल होतें, हा चमत्कार पाहून माझ्या लहानपणीं आम्ही थक्क होत असूं. ज्याला आपण आजीबाईचा बटवा म्हणतों त्यांत अशीं कांहीं द्रव्यें आहेत, जीं आजीच्या आजीनें पाहिलींहि नव्हतीं.

असो. गांठोडें सोडलें, आतां एकेका वस्तूला पुरावा विचारूं. बाटली हुंगतांच नाक उघडतें, हा अनुभव खोटा कसा म्हणावा? खोटा तो नाहींच. पण अनुभव कशाचा, हें १९८३ सालीं वेल्समधील कार्डिफ येथें रोनाल्ड एक्लीस यांनीं प्रयोगानें दाखविलें. त्यांनीं माणसांस पेपरमिंटाचें सत्त्व हुंगावयास दिलें आणि नाकांतून जाणाऱ्या हवेस होणारा अडथळा यंत्रानें मोजला. श्वास मोकळा झाला असें लोक सांगत; यंत्रावरचा अडथळा होता तेवढाच. पुढें २००२ सालीं याचें मर्म कळलें. थंडी ओळखणारें एक ग्रहणस्थान ज्ञानतंतूंच्या टोकांत असतें, व तें गार हवेनें जसें जागें होतें तसेंच या सत्त्वानें होतें. मेंदूला वाटतें, गार हवा आंत आली. नाक तसेंच चोंदलेलें. या शोधांतील एक शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांस उष्णतेच्या व स्पर्शाच्या संवेदनेवरील कामाबद्दल २०२१ चें नोबेल पारितोषिक दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून मिळालें. नाक मोकळें वाटणें आणि नाक मोकळें होणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यानंतर नाकारतां येत नाहीं. रात्रीं झोंप लागावी म्हणून मोकळें वाटणेंहि पुष्कळ आहे; तें मीहि करतों. पण तेवढ्यावर रोग गेला असें समजूं नये.

निलगिरीची बाजू यापेक्षां बरी. तिच्यांतील सिनिओल नांवाचें द्रव्य शुद्ध करून त्याच्या गोळ्या जर्मनींत सायनसच्या १५२ रोग्यांवर तपासल्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली, आणि सात दिवसांत सिनिओल घेणारांची डोकेदुखी व नाक चोंदणें अधिक कमी झालें, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. पण हें मोजून दिलेल्या पोटांतल्या गोळीविषयीं आहे. बाटलींतलें तेल चमच्यानें पिण्याविषयीं मुळींच नाहीं, कारण तें तेल थोडें जास्त झालें तरी विष होतें. कापराचेंहि तसेंच: लहान मुलाच्या पोटांत गेला, किंवा अंगावर फार चोळला, तर त्यानें आंकडी येते. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या गळ्यांत कापराची पुरचुंडी बांधतात. ज्यांच्या घरीं ही चाल असेल त्यांनीं ती आजच सोडावी.

वाफाऱ्याचें काय? २०२० सालीं कोरोनाच्या आरंभीं आयुष मंत्रालयानें नाकांत तिळाचें किंवा खोबऱ्याचें तेल अथवा तूप लावावें, आणि पुदिना किंवा ओवा घालून वाफ घ्यावी, असा सल्ला दिला. पहिला म्हणजे वाग्भटाचा प्रतिमर्शच. दुसऱ्याचा आमच्या लोकांनीं असा ध्यास घेतला कीं कित्येकांनीं दिवसांतून सहा वेळां नाक भाजून घेतलें. इंग्लंडांत सायनसचें जुनाट दुखणें असलेल्या ८७१ रोग्यांवर वाफ व मिठाच्या पाण्यानें नाक धुणें या दोहोंची परीक्षा झाली होती; तिचा निष्कर्ष २०१६ सालीं आला. वाफेनें डोकेदुखी कांहींशी कमी झाली, बाकी कांहीं लाभ नाहीं. नाक धुण्यानें मात्र माफक पण खरा लाभ झाला. त्यापूर्वीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथेंहि सहा महिने रोज खाऱ्या पाण्यानें नाक धुणाऱ्यांचें दुखणें व औषधांचा खर्च कमी झाल्याचें दिसलें होतें. म्हणजे सर्वांत भक्कम पुरावा ज्याला आहे त्यांत वनस्पति एकहि नाहीं. आहे तें मीठ आणि पाणी. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत नेति आहे ती दोऱ्याची. पाण्याची नेति लोकांत रूढ झाली ती फार अलीकडे. यांतहि एक अट आहे. २०११ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत नळाच्या पाण्यानें नाक धुतलेल्या दोघांच्या मेंदूंत पाण्यांतला एक सूक्ष्म जीव शिरून ते दगावले. आमच्या जिल्ह्यांत उन्हाळ्याचें पाणी टँकरचें. तें उकळून गार केल्यावांचून नाकाला लावूं नये.

माझे रसायनशास्त्राचे मित्र येथवर वाचून विजयानें मिशीला पीळ देतील, म्हणून त्यांच्याहि खात्यावर एक नोंद करतों. सर्दीच्या ज्या गोळ्या आपण डॉक्टरी म्हणून विश्वासानें गिळतों त्यांतल्या पुष्कळांत फेनिलेफ्रिन असतें. हें द्रव्य पोटांतून घेतल्यास नाक उघडत नाहीं, असा निकाल अमेरिकेच्या औषधखात्याच्या सल्लागार मंडळानें २०२३ च्या सप्टेंबरांत एकमतानें दिला. कित्येक दशकें तें विकलें गेलें! सात दिवसांत आपोआप बरें होणारें पडसें हें सर्व औषधांचें, नव्यांचें आणि जुन्यांचें, मोठें मित्र आहे.

राहिली ती एक वनस्पति, जिच्यासाठीं खरें पाहतां मी हा लेख लिहावयास बसलों. बांधावर व कुंपणावर चढणारी, काटेरी फळाची देवडांगरी आमच्याकडे सर्वांस ठाऊक आहे. संस्कृतांत ती देवदाली किंवा जीमूतक. चरकाच्या कल्पस्थानांत वांतीच्या औषधांत तिला एक सबंध अध्याय आहे, इतकी ती तीव्र. हिचें वाळलेलें फळ रात्रभर पाण्यांत भिजवून सकाळीं त्याचे थेंब नाकांत सोडतात, काविळीवर आणि चोंदलेल्या नाकावर. कांहीं घटकांतच नाकांतून पिवळें पाणी वाहूं लागतें व दिवसभर वाहतें. पाहणारांची खात्री होते कीं डोक्यांतली घाण निघाली. प्रत्यक्षांत तें पाणी घाणीचें नव्हे. नाकाच्या आंतल्या नाजूक अस्तराला कडू द्रव्यानें पोळलें म्हणून त्या अस्तरानेंच सोडलेलें तें पाणी असतें. डोळ्यांत मिरचीचा हात गेला असतां येणाऱ्या अश्रूंनीं डोळ्यांतला रोग गेला असें कोणी म्हणत नाहीं. त्या अस्तरावर सूक्ष्म केसांची एक दाट लव असते. ती अखंड हलत राहून शेंबूड बाहेर लोटते. याच कुळांतील एका वेलीचा अर्क ब्राझिलांत बेडकाच्या टाळूवर, जेथें अशीच लव असते, लावून पाहिला; अर्क तीव्र होतांच ती वाहतूक बिघडली. नाक स्वच्छ करणारी जी खरी यंत्रणा, तिलाच औषध मारक ठरलें.

माझा धाकटा भाऊ तेव्हां पांच वर्षांचा होता. त्याचें नाक सदा वाहे. गांवांतल्या एका जाणत्या माणसानें, मनांत पूर्ण माया ठेवून, देवडांगरीच्या पाण्याचे तीन-तीन थेंब त्याच्या नाकांत सोडले. पाणी दोन दिवस वाहिलें. आई समाधानानें फडकीं बदलीत होती. तिसऱ्या दिवशीं रक्त आलें. तें यथावकाश थांबलें, नाक वाहावयाचेंहि थांबलें, आणि उपाय गुणकारी ठरला म्हणून तो पुढें शेजारच्या दोन घरांत झाला. आमच्या लक्षांत यावयास वर्ष लागलें कीं, या मुलाला वास येत नाहीं. फोडणी जळाली तरी कळत नाहीं, पहिल्या पावसाच्या मातीविषयीं घरांत सारे बोलतात तेव्हां हा तोंडाकडे बघत राहतो. त्या थेंबांनींच हें झालें असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. साध्या पडशानेंहि केव्हां केव्हां वास कायमचा जातो. सात वर्षांच्या आंतील मुलाच्या नाकांत तीव्र औषध घालूं नये, हें वाक्य आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या देवगिरीवर सातशें वर्षांपूर्वीं एका मंत्र्यानें वाचलें होतें, एवढें मात्र मला ठाऊक आहे.

तो आतां शेती करतो. गेल्या दिवाळींत मी गांवीं गेलों असतां माझ्या खिशांतली बाटली काढून त्यानें नाकाशीं धरली, डोळे मिटले, आणि जरा वेळानें म्हणाला, "गार लागतंय, दादा. वास कसला असतो हिला?"